अकरा दगड

४ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडता कपाटावर टाकशील, म्हणून पत्ता आईकडून लिहून घेतलाय. तिचा हात कापतो. घर क्रमांकातला सात एकासारखा दिसतोय, पण तुमच्या गल्लीत भावोजींचा एकच दवाखाना आहे, पोस्टमन शोधून काढेल.

आई बरी आहे. आधी हेच लिहिते, म्हणजे बाकीचं तू धास्तीनं वाचणार नाहीस. रक्तदाब गोळीच्या ताब्यात आहे, भूक चांगली आहे, कान तिच्या सोयीनं चालतात. दुकानात माझ्यामागे खुर्ची टाकून बसते आणि शिवणी उसवून देते. माझ्याकडे नवे कपडे शिवायला हल्ली कोणी येत नाही. जुने मापात बसवून घ्यायला येतात, आणि त्यात निम्मं काम उसवण्याचंच.

गेल्या मंगळवारी एक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. दोन पँटी टेबलावर टाकल्या. कापड ठणठणीत आणि गुडघ्यांची मात्र जाळी झालेली.

"दुहेरी ठिगळ लावा. जाडात जाड कापड असेल ते."

मी म्हटलं, "फरशी बसवता का तुम्ही?"

"उलट. उखडते." त्या हसल्या. "वर डोंगरात मोठी कपार आहे ना, तिथे आमचं उत्खनन चाललंय. दिवसभर गुडघ्यांवर रांगायचं आणि चमच्याचमच्यानं माती काढायची."

माझी कात्री थांबली. मागे आईचीही थांबली असणार. कपारीचा विषय आपल्या घरात सहा वर्षांत निघालेला नाही. तुझ्याकडच्या त्या दुपारच्या जेवणानंतर कधीच नाही.

मग मागून आईचा आवाज आला. "आत डाव्या अंगाला, छतावर काळा डाग आहे का गं? घोड्याच्या तोंडासारखा?"

बाई चमकल्या. "आहे. आजी, तुम्हाला कसं माहीत?"

"तो माझ्या चुलीचा आहे," आई म्हणाली, आणि पुन्हा टाके उसवायला लागली.

आता त्या बाई आईला वर न्यायचं म्हणतायत. कपारीत राहिलेलं जिवंत माणूस त्यांना आजवर मिळालंच नव्हतं म्हणे, सगळी हाडंच मिळाली. आई म्हणते, जाईन. गुडघे कुठे आहेत जायला, असं मी विचारलं तर म्हणाली, "तिच्या पँटीला लावतेस तसं माझ्याही लाव ठिगळ."

तुला कळव म्हणाली, म्हणून कळवते आहे. ये, असं मी म्हणत नाही. त्या जेवणाबद्दलही काही लिहीत नाही. बोलण्याच्या भरात तोंडातून निघून गेलं, ते गेलं.

गोटी


११ फेब्रुवारी

ताई,

काल वर जाऊन आलो.

पायथ्यापर्यंत जीप जाते. पुढे आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खोदकामावरच्या चौघांनी उचललं. अर्ध्या वाटेवर म्हणते कशी, "लग्नात सुद्धा मला एवढं कोणी उचलून धरलं नव्हतं." चौघं हसायला लागले आणि खुर्ची अशी कलली की मी ओरडलेच. तिला काही नाही. दांडा धरून आजूबाजूची झाडं बघत होती. "हे नव्हतं," म्हणायची, "हेही नव्हतं. हा दगड होता."

मला वाटलं होतं, अंधारी गुहा असेल. पण ती तर डोंगराची वळचण आहे. वर खडकाचं पुढे आलेलं छत, मागे भिंत, समोर सगळी दरी उघडी. आत आपलं दुकान चार वेळा मावेल. जमीन मात्र सपाट नाही. मागच्या भिंतीपासून तोंडाकडे उतरत जाते, आणि तोंडाशी एकदम तुटते. खाली दोन पुरुष खोल. मी कडेला गेले नाही. तुला माहीतच आहे माझं.

बाईंनी दोऱ्यांनी चौकोन आखलेत. एका कोपऱ्यात माणूसभर खोल खड्डा काढलाय आणि त्याच्या भिंतीवर थर दिसतात, राखेचा, मातीचा, पुन्हा राखेचा. जुनी गोधडी कडेला उसवली की आतले कपडे कसे एकावर एक दिसतात, तसे. बाई काठीनं दाखवत होत्या. अगदी तळाशी शिकार करणारे, आठ-एक हजार वर्षांपूर्वीचे. वर गुरं राखणारे. त्याच्या वर कोणी धान्य दळणारे. मधे काही शतकं कुणीच नाही, फक्त वटवाघळांची घाण. मग पुन्हा चूल. "माणूस इथे सारखा येत राहिलाय," त्या म्हणाल्या. "हौसेनं कमी. बहुतेक वेळा दुसरीकडे जागा उरली नाही म्हणून."

त्यांनी मला हाडाची एक सुई दाखवली, चार हजार वर्षांची. तिला नेढं होतं, ताई. इतकं नीट कोरलेलं नेढं की माझा दोरा सहज ओवला असता. मी विचारलं, "एवढ्या जुन्या काळी काय शिवत असतील?" तर आई खुर्चीतून म्हणाली, "काय शिवणार? पोरांचं फाटलेलं."

सगळ्यात वर थर एक. त्याला त्या लोकांच्यात फारसा मान नाही. अलीकडचा म्हणून उचलायचा, पिशवीत भरायचा आणि खाली जायचं. पिशव्यांवर चिठ्ठ्या होत्या. बटण. बाटलीचं बूच. निळ्या कंगव्याचा तुकडा. कंगव्याची पिशवी आईनं हातात घेतली आणि बराच वेळ सोडलीच नाही.

"थर एकमध्ये एकच गोष्ट आम्हाला कळत नाहीये," बाई म्हणाल्या आणि आम्हाला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या.

तिथे दगड मांडलेले आहेत. अकरा. नारळाएवढे, भिंतीपासून निघून अर्धगोल करत पुन्हा भिंतीला टेकणारे. मधे एका ठिकाणी खंड आहे. बाकी दगडाला दगड भिडवून ठेवलाय आणि खालची भोकं मातीनं लिंपलीत. बाई म्हणाल्या, "चूल नाही, कारण राख नाही. भिंतही नाही, फार बुटकी. आमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे, काहीतरी विधी असावा."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

"विधी कसला डोंबलाचा! पोरगी घरंगळायची."

"कोण पोरगी?"

"ही काय."

ताई, तिचं बोट माझ्याकडे होतं.

मी आजूबाजूला बघितलं, माझ्यामागे कोणी उभं आहे का. कोणी नव्हतं.

तू मला कधी सांगितलं का नाहीस?


१२ फेब्रुवारी

ताई,

कालचं पत्र सही न करताच टाकलं. आज शांतपणे लिहिते.

आईनं खाली आल्यावर सगळं सांगितलं. तुला ते पाठच असेल, तरी लिहिते, कारण माझ्या हातानं ते एकदा लिहून झाल्याशिवाय मला खरं वाटणार नाही.

मला माहीत होतं ते असं. आईबाबा गरिबीत काही काळ कपारीत राहिले, तिथे ताईचा जन्म झाला. मग ते शहरात आले आणि दवाखान्यात, पांढऱ्या चादरीवर, माझा जन्म झाला. लहानपणी मी ही चादर सुद्धा रंगवून सांगायचे.

खरं असं, की नदीनं घर नेलं तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि मी आईच्या पोटात. कपारीत चौदा महिने काढले. तिसऱ्या महिन्यात मी झाले. आईला त्यानंतर ताप धरला तो महिनोन्‌महिने उतरला नाही. बाबा उजाडता खाणीवर जायचे आणि दिवस मावळून गेल्यावर यायचे. "तेव्हाचं मला सलग आठवतच नाही," आई म्हणाली. "डोळे उघडले की ताई दिसायची. तुला कडेवर घेतलेली. तिची कंबर केवढी, तू केवढी! अर्धी तू खाली लोंबायचीस."

मी पालथी पडायला लागले आणि जमीन उतरती. एकदा म्हणे मी गडगडत चुलीपाशी पोचले होते. दुसऱ्या दिवशी तू दगड आणायला लागलीस. कुठून आणायचीस, आईला माहीत नाही. ती पडल्या पडल्या नुसता आवाज ऐकायची, दगड ओढत आणल्याचा. एक आणायचीस, दम खायचीस, पुन्हा जायचीस.

मी विचारलं, "मग ताई जन्मली कुठे?"

"घरात. नदीनं नेलं त्या घरात. चांगल्या खाटेवर." मग म्हणाली, "तुला गोटी हे नाव कुणी ठेवलं वाटतं? तिनंच. गडगडायचीस म्हणून."

मी आजवर समजत होते, मी गोल होते म्हणून.

आणि शाळेचं. पहिलीत असताना मुलं माझ्यामागे "गुहेतली, गुहेतली" करत धावली, मी दप्तर फेकलं आणि उद्यापासून शाळेत जाणार नाही म्हणून भोकाड पसरलं. हे मला अजिबात आठवत नाही. तू बारा वर्षांची. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या वर्गात येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "गुहेतली मी आहे. हिचा जन्म दवाखान्यातला आहे. काय म्हणायचं ते मला म्हणा." घरी येऊन आईबाबांकडून वचन घेतलंस. बाबांनी ते जाईपर्यंत पाळलं. आईनं परवा मोडलं.

मला आठवतं ते त्याच्या पुढचं. मुलं तुला चिडवायला लागली. आणि त्यांच्यात मिसळून मीही चिडवायचे.

गोटी


१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. असेल तरी इतक्यात येणार नाही, हिशेब कळतो मला. तरी पोस्टमन दिसला की शिवणयंत्रावरचा पाय आपोआप थांबतो.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. बोलण्याच्या भरात वगैरे काही नव्हतं.

तुझ्या लेकीच्या सासरची मंडळी पहिल्यांदा जेवायला आली होती. तुझ्या लेकीचा ड्रेस मी दोन दिवस बसून तिच्या अंगाबरोबर केला होता. खांद्यावरची एक चुणी मी तीनदा उसवली होती. मंडळी यायच्या आधी तू मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलंस आणि म्हणालीस, "त्यांच्यासमोर तू जरा कमी बोल हं." एवढंच. तू घाबरली होतीस, आज कळतं. त्या दिवशी मला फक्त तुझी नवी साडी दिसली, आणि माझ्या बोटांवरची सुईची भोकं.

मग टेबलाशी विहीणबाईंनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" तू काहीतरी मोघम सांगायला लागलीस. मी वाट बघत होते, ताई. मी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "आमची ताई गुहेत जन्मलीय. खरंच! अगदी अश्मयुगातली." आणि हसले. सगळ्यात आधी मी हसले, मग ते हसले.

तू वाढायचा चमचा भांड्यात ठेवलास. आवाज सुद्धा केला नाहीस. माझ्याकडे बघितलंस. एका वाक्याचं काम होतं. "मी नाही, तू." एवढं म्हणाली असतीस तर सगळं टेबल माझ्याकडे वळलं असतं. तू उठून आत गेलीस. आई ताटात बघत राहिली. तीही बोलली नाही, आणि ते तिला सहा वर्षं खातंय, हे मला आत्ता कळलं. परवा म्हणाली, "एका पोरीला दिलेलं वचन पाळायचं म्हणून दुसरीला मोकाट सोडली मी."

सहा वर्षं मी लोकांना सांगत आले, माझ्या बहिणीला साधी थट्टा सहन होत नाही.

क्षमा मागायला मला जमत नाही. कापडात चूक झाली तर उसवून पुन्हा घालता येते, जुन्या टाक्यांची भोकं तेवढी राहतात, पाण्याचा हात फिरवला की तीही बुजतात. इथे मी काय फिरवू, ते मला सुचत नाही. सुचलं तर कळव.

गोटी


१९ फेब्रुवारी

ताई,

कामाचं लिहिते आहे.

१ मार्चला ते दगड उचलणार. त्याच्याखाली धान्य दळणाऱ्यांचा थर आहे आणि बाईंना तिथवर पोचायचं आहे. "मी थांबवलं असतं," त्या म्हणाल्या, "पण खालचेही कोणाचे तरी कोणी होतेच ना." मला ते पटलं. आधी सगळं नीट मोजून, फोटो काढून, कागदावर उतरवतात. प्रत्येक दगडाला नंबर. आईला विचारून विचारून नोंद पक्की केली आहे. "विधी" खोडून बाईंनी लिहिलं, "तान्ह्या मुलाच्या सुरक्षेसाठी आडोसा. रचणारी व्यक्ती: सहा वर्षांची मुलगी." ते त्यांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. त्यांना एक मुलगी आहे, ती आजीकडे असते.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. तो मधला खंड.

आडोसा आहे तर मधे नव्वद सेंटीमीटर जागा मोकळी कशी? मूल तिथूनच घरंगळेल. आणि तो खंड अगदी उताराच्या तोंडाशी आहे, जिथून गडगडायची सगळ्यात जास्त भीती. बाई म्हणतात, तिथे दोन-तीन दगड असणार, नंतर शेळ्यांनी पाडले. पण तसं असतं तर खाली दगड बसल्याची खूण हवी, आणि जमीन तिथे गुळगुळीत आहे, दाबल्यासारखी. आई म्हणते, "मी उठायला लागल्यावर ये-जा करायला दार ठेवलं असेल." पण एवढेसे दगड ओलांडायला दार कशाला हवं? मी म्हटलं, दगड संपले असतील. तर बाई म्हणाल्या, "डोंगरात दगड संपतात?"

नकाशात त्या जागी त्यांनी बारीकसं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

मी परवा एकटी वर गेले होते. कडेला जायला अजून भीती वाटते, म्हणून भिंतीला पाठ लावून त्या अर्धगोलात बसले. चव्वेचाळीस वर्षांची बाई, पाय बाहेर आले. तिथे तान्ह्या मुलासारखं डोकं जमिनीला टेकवलं की दरी दिसत नाही, ताई. दगड मधे येतात. फक्त त्या मोकळ्या जागेतून दिसते.

बघ, आठवलं तर. नाही लिहिलंस तरी चालेल. प्रश्नचिन्हानं कोणाचं काही बिघडत नाही.

आई तुझ्या कंगव्याबद्दल विचारते आहे. निळा तुझाच होता ना?

गोटी


२५ फेब्रुवारी

गोटे,

पाचही पत्रं मिळाली. पाचही आली त्याच दिवशी वाचली, कपाटावर एकही टाकलं नाही. आईच्या हातचा सात मला अजून ओळखता येतो.

उत्तर लिहायला रोज बसत होते. वर्गात फळ्यावर तीस वर्षं गणितं सोडवली, पण हे कुठून सुरू करायचं ते कळेना. "कमी बोल" म्हणाले, ते माझं चुकलंच. तू कमी बोलणारी असतीस तर त्या कपारीत माझे दिवस कसे गेले असते? दिवसभर काही ना काही बडबडत असायचीस. शब्द एक नाही, पण आवाज केवढा.

त्या दिवशी मला थट्टेचा राग नाही आला. तू हसलीस, ते शाळेत हसायचीस अगदी तसंच, आणि मला वाटलं, हिला अजून कळलेलं नाही म्हणजे मी नीट लपवलं. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम झालं की माणसानं काय करावं? मी उठून गेले. मग परत यायचं राहून गेलं. सहा वर्षं राहून गेलं.

क्षमेचं काय ते तू म्हणतेस तसं पाण्याचा हात फिरवून बघू. समोरासमोर. मी २८ला दुपारच्या गाडीनं येते. स्टँडवर येऊ नको, मला वाट माहीत आहे. आईला आदल्या दिवशीच सांग, त्याआधी सांगितलंस तर ती रक्तदाब वाढवून बसेल. १ तारखेला तिघी वर जाऊ. खुर्चीची एक बाजू मी धरीन, चौघांपैकी एकाला सुट्टी द्या.

कंगवा माझाच. तू चावून मोडलास.

आता ती मोकळी जागा. बाईंना सांग, शेळ्यांनी काही पाडलेलं नाही आणि दार तर नव्हतंच. डोंगरात दगड संपत नाहीत हे खरं आहे, पण मला उचलतील असे अकराच मिळाले. त्याहून मोठे हलायचे नाहीत, आणि त्याहून लहान तू लाथेनं उडवायचीस. म्हणून उताराच्या तोंडाशी मी झोपायचे. तू गडगडत यायचीस ती माझ्या पाठीवर येऊन थांबायचीस.

त्यांचं माप बरोबर आहे. पाय पोटाशी घेतले की मी तेवढीच होते.

तेव्हा ते प्रश्नचिन्ह खोडायला सांग. तिथे नाव घालायची गरज नाही. "मोठी बहीण" लिहिलं तरी पुरे.

ताई